परडीतल्या पैशांची जीप

आमच्या घरात भीती आप्पांच्या पायाच्या अंगठ्यापासून सुरू होत असे. आप्पा पटवेकरी होते. मंगळसूत्राची काळी पोत गाठायची, बायकांच्या वेणीचे रेशमी गोंडे करायचे, बैलांच्या गळ्यातल्या माळा ओवायच्या, हे आमचे पिढीजात काम. कुठल्या तरी राजाच्या लवाजम्याबरोबर आमचे लोक धारला आले, आणि राजे गेले तरी आम्ही गोंडे करत राहिलो. आप्पा ओसरीवर गोणपाट टाकून बसत, उजव्या पायाच्या अंगठ्याला रेशमाची लड अडकवत आणि दोन्ही हातांनी ती ओढत, पिळत, गाठत. त्यांचा एक नियम होता. घरातले माणूस रस्त्यावर असेल तर ते शेवटची गाठ ओढत नसत. गोंडा पुरा झालेला असे, फक्त ती एक गाठ सैल. आई बदनावरला मावशीकडे गेली की संध्याकाळपर्यंत आप्पांच्या भोवती असे अर्धवट गोंडे साठत. आईचा पाय उंबऱ्याला लागला की ते एकेक गाठ ओढून टाकत आणि मगच पाणी पीत. फार पूर्वी त्यांची बस घाटात उलटली होती. ते खिडकीतून बाहेर आले, शेजारचा माणूस आला नाही. त्याच्या मांडीवर पेरूंची टोपली होती, एवढेच ते सांगत. पुढचे आम्ही कधी विचारले नाही. पेरू मात्र आमच्या घरात कधी आला नाही.

मला भीती वाटत नसे असे नाही, पण मला आधी राग येत असे. रागाच्या आड भीती बरी लपते, हे मी तिरल्याच्या हाटात, म्हणजे आठवडी बाजारात, शिकले. आप्पा बोलण्यात मवाळ, कुणीही यावे आणि अर्ध्या भावात गोंडे उचलून न्यावेत. मला नीट आठवते, मी परकरात होते, एका बाईने आप्पांकडून मूठभर फुंदे (तिकडे गोंड्यांना फुंदे म्हणतात) फुकटच्या भावात घेतले आणि मी ते तिच्या हातातून हिसकावून परत ढिगावर टाकले. आप्पा ओशाळले. ती बाई आधी भांडली, मग हसली, मग मी मागितला तो भाव देऊन गेली. त्या दिवसापासून आप्पा गाठ मारत आणि भाव मी बोलत असे. हाटातून निघताना मी गरम सेव-परमलचा, म्हणजे शेव-मुरमुऱ्यांचा, एक पुडा घ्यायचे, तो बसच्या टपावर माल धरून बसल्या बसल्या संपत असे. मी खायची, आप्पा एका हाताने दोरी आणि दुसऱ्या हाताने माझी वेणी धरून बसत. वळणावर त्यांची मूठ आवळली जायची आणि माझे डोके मागे खेचले जायचे. आजही गाडीने वळण घेतले की माझी मान आपोआप ताठ होते.

आईची भीती निराळी होती. ती रस्त्याला भीत नसे, देवीला भीत असे. आमच्या कुळाचारात जोगवा होता. दर मंगळवारी आई न्हाऊन, कपाळभर कुंकू लावून, हातात वेताची परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायला जाई. घरात धान्य असले तरी मागायचा, कारण तो आपल्यासाठी नसतो. कुणी पीठ घाली, कुणी मीठ, कुणी नाणे टाकी. पिठाची भाकरी त्याच दिवशी व्हायची आणि ती आम्ही अंबाडीच्या भाजीबरोबर खायचो. पाच घरच्या पिठांची ती भाकरी कधी गोल होत नसे, कडेने चिरा पडत, आणि तिच्यासारखी चव मी पुढे कुठे खाल्ली नाही. नाणी मात्र देव्हाऱ्याखालच्या तांब्यात जात. संजूच्या लग्नात देवीचा गोंधळ घालायचा, त्यासाठी ती होती. तांब्याला हात लावायचा नाही, त्याच्याकडे बोट दाखवायचे नाही, इतकेच काय, तो भरत आला का असे विचारायचेही नाही.

संजू माझा धाकटा भाऊ. त्याने अठरा पुरी केली आणि घरात एकच विषय सुरू झाला. त्या वेळी धार-बदनावर रस्त्यावर बसगाड्या कमी आणि माणसे फार. लोकांनी जुन्या जीपा घेऊन फेऱ्या मारायला सुरुवात केली होती, आणि संजूचे दोन मित्र त्यातच कमावत होते. तो जेवताना ताटावर बोटाने रस्ता काढून दाखवायचा, इथे फाटा, इथे चार माणसे, इथे सहा. आप्पांचा घास हातात राहायचा. संजूने शेतात ट्रॅक्टर चालवला होता आणि दलालाने त्याला गाडीचा परवाना काढून दिला होता, गाडीला हात न लावताच. आप्पा म्हणत, दुसरे काहीही कर. संजू म्हणे, दुसरे म्हणजे काय, गोंडे? प्लास्टिकचे फुंदे हाटात आले होते तेव्हा. त्यावर आप्पा ताटावरून उठत.

आता माझी गोष्ट. मी संजूहून वर्षाने मोठी. सराफांची पोत गाठून गाठून मी स्वतःचे पैसे साठवले होते. बाजारात एक छोटा गाळा भाड्याने घ्यायचा, त्यात मणी आणि रेशीम विकायचे, असे मी ठरवले होते. गाळ्याच्या मालकाशी बोलून झाले होते, फळ्यांना कोणता रंग द्यायचा तेही ठरले होते. आप्पा एका संध्याकाळी म्हणाले, शकू, मुलीचा गाळा वर्षभर थांबतो, मुलाचे वय थांबत नाही. मी चिडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. मग संजू माझ्याजवळ येऊन बसला आणि माझ्या पायाशी मणी निवडत राहिला. मी हिशेबी मुलगी. जीप कमावील आणि त्यातून गाळा होईल, असा विचार केला आणि हो म्हटले. अट एकच घातली की गाडी दोघांच्या नावावर होईल. आप्पांनी मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती मान होती, हे मी त्या वेळी विचारून घ्यायला हवे होते, असे माझा नवरा मला आयुष्यभर ऐकवत आला. मी म्हणते, बापाची मान कुणी तपासून घेते का?

जीप देवासला होती. आईचा भाऊ, आमचा मामा, तिथे राहायचा. त्याच्या ओळखीच्या एका ठेकेदाराला ती विकायची होती. आम्ही चौघे घराला कुलूप लावून गेलो. मामीने पोहे आणि जिलेबी पुढे ठेवली. आप्पांनी जिलेबीचा तुकडा मोडला आणि तसाच परत ठेवला. ठेकेदाराच्या अंगणात जीप उभी होती, हिरवी, एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूपेक्षा नवा. ठेकेदार खाटेवर बसून दात कोरत होता. त्याने किंमत सांगितली, मी तिच्यातून चौथाई उतरवून बोलले, आणि तो लगेच म्हणाला, चलो, बच्ची ने कहा है तो ठीक.

मी सावध झाले. हाटातला नियम आहे, समोरचा पहिल्याच शब्दाला उतरला तर वस्तू हातात घे आणि उलटी करून बघ. मी उठले, जीपभोवती फिरले, नव्या रंगावर नख ओढले. खाली जुना पोचा होता. मी विचारले हे काय. ठेकेदार म्हणाला, झाडाला घासली. मामा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. ठेकेदार हसून म्हणाला, "बाई, ये फुंदे का सौदा नहीं है."

"फुंदे का ही समझ लो, सेठ," मी म्हणाले. "उलटा करके देख रही हूँ."

त्या पोच्यासाठी मी आणखी उतरवले. टायरांसाठी उतरवले. मग उठून फाटकापर्यंत गेले, तीनदा गेले. तिसऱ्या वेळी सावकाश, कारण तिसऱ्यांदा भरभर गेले तर माणूस हाक मारत नाही. त्याने हाक मारली. पण आता तोही चिडला होता. आकडा जिथे थांबला तिथून तो तसूभर हलेना, आणि आमच्याकडे त्यापेक्षा कमी होते. आप्पांचा चेहरा तेव्हा उजळला, हे मी कधी विसरणार नाही. त्यांना वाटले, सुटलो.

आणि आईने कमरेचे फडके सोडले. कुलूप लावलेल्या घरात देवीचे पैसे कसे ठेवायचे, म्हणून तिने तांब्या रिकामा करून सगळे बरोबर आणले होते, आम्हाला कुणाला ठाऊक नव्हते. खाटेवर नाण्यांचा ढीग पडला. काही नाण्यांना हळद चिकटलेली होती. मामा म्हणाला, अक्का, हे काय करतेस? आप्पा तर उठून उभेच राहिले. आई त्यांच्याकडे न बघता संजूला म्हणाली, "हे देवीचे आहेत. म्हणजे गाडीत ती वाटेकरी झाली. दर मंगळवारची पहिली फेरी तिची, ते पैसे परडीत पडले पाहिजेत. आणि गाडी तूच चालवायची. परक्याच्या हाती देवीची गाडी द्यायची नाही. शपथ घे."

संजूने नाण्यांवर हात ठेवून शपथ घेतली. देवीची अट झाली, माझी राहिली. कागद करताना मी आठवण दिली तेव्हा ठेकेदार म्हणाला की दोन नावांची कटकट होते, आणि आप्पा म्हणाले, "एकाच नावाने बरे, शकू. तू उद्या दुसऱ्या घरी जाशील." लिहिताना आजही माझे कान तापले आहेत.

परतताना मामाने त्याच्या ओळखीचा एक ड्रायव्हर बरोबर दिला. इंदूर मागे पडल्यावर तो संजूला म्हणाला, घे, आता मोकळा रस्ता आहे. संजू स्टिअरिंगच्या चाकावर बसला, ड्रायव्हर शेजारी. आई, आप्पा आणि मी मागे, मधल्या पडद्याआड. काही वेळाने समोरून मोठा भोंगा आला, जीप एकदम झुकली, आईच्या हातातला कुंकवाचा करंडा उडाला आणि आप्पांच्या धोतरभर लाल झाले. मग जीप सरळ झाली आणि थांबली. ड्रायव्हरने पुढून ओरडून सांगितले, खड्डा होता. पुढे धारपर्यंत तोच चालवत राहिला. घरी आल्यावर आईने थुली, म्हणजे भरड्या गव्हाची खिचडी, गुळाबरोबर वाढली, संजूने ताट सरकवून दिले. मला वाटले, शपथेचे ओझे असेल. आप्पांनी ते धोतर पुन्हा नेसले नाही.

मग सुरू झाले ते दिवस, ज्यांच्याबद्दल मला खरे लिहायचे आहे. जीपचा भोंगा फाटक्या आवाजाचा होता, बेडकासारखा. सकाळी संजू गल्लीतून जीप बाहेर काढी, इतक्या हळू की पोरे चालत पुढे जात, आणि दिवेलागणीला तशीच हळू परत आणी. मधला सगळा दिवस आम्ही कानाने जगत होतो. दुरून ट्रक गेला की आईचा पळीवरचा हात थांबे. कुणी सायकलवरून घाईने आले की आप्पा अंगठ्याची लड सोडत. सैल गाठींचे गोंडे इतके साठू लागले की सराफ मला टोचून बोलला, तुझ्या बापाने आता काम उद्यावर ढकलायची सवय लावून घेतली का. दर मंगळवारी संजू परडीत पैसे टाकी, आणि टाकताना त्याचा हात कापे. आई ते देवीच्या भयाचे लक्षण समजून मनात खूश होई. तो वाळत चालला होता. झोपेत पाय झाडायचा. मी विचारले की म्हणे, काही नाही ताई, दमतो. रस्त्यावर दुसऱ्या कुणाच्या जीपचा अपघात झाला की शेजारचे येऊन आधी आमच्याकडे सांगत, आणि सांगण्याआधी क्षणभर थांबत. त्या एका क्षणात मी किती वेळा मेले असेन.

एका दुपारी मी सराफाच्या कामाने बसने बदनावरला निघाले होते. कानवनच्या फाट्यावर बस थांबली आणि समोरून आमची हिरवी जीप आली. मी खिडकीतून हात काढला आणि तो तसाच राहिला. चाकावर संजू नव्हता. जाड मिशांचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला कुणी माणूस चालवत होता, आणि संजू मागच्या पायरीवर लटकून, एका हाताने दांडा धरून, धार धार असे ओरडत होता. पडला तर सरळ मागच्या गाडीखाली. मी बसमधून उतरले. कशी उतरले ते आठवत नाही, चप्पल बसमध्येच राहिली. माझ्या डोक्यात एकच होते, शपथ मोडली. देवीची शपथ मोडून हा पोरगा रोज या रस्त्यावर लटकतो आहे, आणि आम्ही घरी गाठी सैल ठेवून बसलो आहोत.

संजूने मला पाहिले आणि पायरीवरून उतरून चहाच्या टपरीमागे जाऊन उभा राहिला, लहानपणी मार चुकवायला जायचा तसा. मी त्याच्या कानाखाली ओढली. तो रडला नाही. म्हणाला, "ताई, देवासहून येताना मी हात सोडले होते."

"कसले हात?"

"चाकावरचे. ट्रक समोर आला आणि मी दोन्ही हात तोंडावर घेतले. मामाच्या ड्रायव्हरने चाक ओढले नसते तर... तुम्ही सगळे मागे होता." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "गल्लीत चालवतो कसातरी. मोठ्या रस्त्याला लागलो की माझ्या हातांत जीवच राहत नाही."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलेस?"

"कुणाला सांगू? आप्पांना? आईने देवीचा तांब्या रिकामा केला होता. तुझा गाळा गेला होता."

मिशांचा माणूस जीपमधून उतरून आला. तो तिरल्याचा बद्रीलाल. संजू रोज गावाबाहेर त्याच्या हाती जीप देई आणि संध्याकाळी गावाबाहेर परत घेई. बद्रीलाल मला म्हणाला, "जीजी, मैं तो कब से कह रहा हूँ इसको, घर में बता दे. छोरा रात-दिन घबराता है." मी त्याच्यावर उसळले. तू मध्ये बोलू नकोस, आधी सांग, रोजचे किती घेतोस? त्याने सांगितले. ऐकून माझे डोकेच फिरले, आणि तिथेच, टपरीमागे, अनवाणी उभ्याने मी त्याची मजुरी उतरवली. संजू मान खाली घालून उभा होता. संजूला मारलेल्या हाताची आग उतरली नव्हती आणि मी भाव करत होते. लोक याला माझा लोभ म्हणतात. पण दुसरे काही धरायला नव्हते, म्हणून मी भाव धरला होता.

आईला सांगू नकोस म्हणून संजूने माझे पाय धरले. मी कबूल झाले नाही. मंगळवार जवळ आला होता, आणि परक्या हाताने कमावलेले पैसे पुन्हा परडीत पडणार, या विचाराने मीच भ्याले होते. देवीवर माझा फार विश्वास होता अशातला भाग नाही, पण भीतीला विश्वास लागत नाही. संध्याकाळी आई भाकरी थापत होती तेव्हा मी सगळे सांगून टाकले. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली, खाली काढली. मग चुलीतला जाळ मागे ओढला. ओसरीवर आप्पांची लड तुटल्याचा आवाज आला. ते ऐकत होते.

शेवटी आई म्हणाली, "परका आहे म्हणूनच अडते ना? मग परका ठेवायचा नाही."

मंगळवारी सकाळी बद्रीलाल आमच्या दारात न्हाऊन उभा होता. आईने त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली, कपाळाला कुंकू भरले आणि हातात परडी दिली. जो जोगवा मागतो तो देवीचा, आणि देवीचा तो आमच्या घरचा, असा तिचा साधा हिशेब होता. एवढा दांडगा माणूस, पण पहिल्या दारात त्याच्या तोंडून शब्द फुटेना. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, एक म्हणाली, भिया (म्हणजे भैया), मूँछ को भी कुंकू लगा लो. दुसऱ्या दारात तो पुटपुटला. तिसऱ्यापासून त्याने असा काही आवाज लावला की पुढच्या गल्लीतले लोक पीठ घेऊन बाहेर आले. त्या दिवशीच्या भाकरी बद्रीलालने आमच्यात बसून खाल्ल्या आणि मग जीप घेऊन गेला. संजू त्याच्या शेजारच्या जागेवर बसला, पायरीवर नाही. ती माझी अट होती. कित्येक महिन्यांनी संजूने सकाळी पोटभर खाल्ले होते. आप्पांनी मात्र गाठ सैलच ठेवली. बद्रीलालही आता घरचा झाला होता ना.

जीप खोटी निघाली नाही. तो पोचा खरोखरच झाडाचा असावा. देवीचे पैसे पुढच्या नवरात्राआधी फिटले आणि तांब्या पुन्हा भरू लागला. बद्रीलालची मजुरी रोजच्या रोज मिळत होती. मग एके दिवशी मी माझे मागितले. आई म्हणाली, "तुझे कुठे गेलेत? घरातच आहेत की." इतक्या सहज म्हणाली, जणू मी हरवलेली वाटी शोधत होते. देवी वाटेकरी, ड्रायव्हर घरचा, आणि मी? मी तर आधीपासूनच घरची, म्हणून माझे काहीच नाही. गाळा तोवर एका चुडीवाल्याने घेतला. मी भांडले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः फाट्यावर बसून फेऱ्यांचे पैसे घेऊ लागले. लग्नानंतर देवासला येऊन माझ्या नावावर माझी पहिली गाडी केली, मग दुसरी, मग बाकीच्या. लोक म्हणतात शकूबाईने शून्यातून उभे केले. शून्यातून नाही. गोंड्यांच्या पैशांतून केले, फक्त ते पैसे कुणी कबूल केले नाहीत. आई गेली, आप्पा गेले. संजू माझा जीव आहे. पण तो हसत हसत लोकांना "माझी पहिली जीप" असे सांगतो, ते मी गिळणार नाही.

गेल्या महिन्यात तोच धारहून माझ्याकडे आला. त्याची नात ईशा, अठरा पुरी झालेली, देवासला कॉलेजात येते, तिला गाडी हवी. जुनी, छोटी, चालेल ती. अर्धे त्याच्याकडे आहेत. बाकीचे मागताना तो माझ्या पायाकडे बघत होता. म्हणाला, गाडी तिच्या बापाच्या नावावर करू, ते बरे. मी त्याच्याकडे नुसती पाहत राहिले. त्याला कळायला वेळ लागला, पण कळले. गाडी ईशाच्या नावावर झाली. सौदा मी केला, पोरगी शेजारी उभी राहून शिकत होती, आणि विकणाऱ्याने तिसऱ्या फेरीला हाक मारली. तिला मराठी वाचता येत नाही फारसे, अडखळते, हे प्रकरण तिला वाचून दाखवावे लागेल. पैसे देताना मी दुसरी अट घातली. धार ते देवास गाडी घेऊन पहिल्यांदा येशील तेव्हा आजोबांना शेजारी बसव. संजूचा रंग उतरला.

ती दोघे आज सकाळी धारहून निघाली आहेत. म्हणून मी लिहायला बसले, दुसरे काही हाताला सुचत नव्हते. मघाशी गाडीत टांगायला एक गोंडा करायला घेतला, लाल-पिवळा, अंगठ्याला लड अडकवून, म्हातारे गुडघे कुरकुरत असताना. कोपऱ्यावर भोंगा वाजला की पेन थांबते. सून दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही निवले.

आत्ताच फोन आला. इंदूरच्या अलीकडे चहाला थांबली आहेत. संजूने आधी चहा कसा आहे ते सांगितले. मग म्हणाला, "ताई, ट्रक आला होता समोरून. पोरीने हात सोडले नाहीत."

मी पेन खाली ठेवले. मग मी म्हणाले, चहा पिऊन निघा आता, आणि तिला बोलण्यात गुंतवू नकोस, समोर बघ. त्याने बरे म्हटले. धारपासूनचा निम्म्याहून जास्त रस्ता झाला, पण देवास अजून यायचे आहे. गोंडा मांडीवर पुरा होऊन पडला आहे. शेवटची गाठ मी ओढलेली नाही.